गेट या एका क्रियापदाने डोकं फिरवलंय, कुणी नीट समजावून सांगेल का?

घोडं_अडलं

नमस्कार मंडळी. इंग्रजी वाचता येतं, लिहिताही बऱ्यापैकी येतं, पण बोलायची वेळ आली की गाडी एकाच शब्दापाशी येऊन थांबते, तो म्हणजे गेट. शाळेत शिकवलेलं गेट म्हणजे मिळणे, संपला विषय. आता कामावर सगळं बोलणं इंग्रजीतच, आणि तिथे लोक दर दुसऱ्या वाक्यात गेट घालतात आणि मिळण्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. इट्स गेटिंग डार्क. काय मिळतंय अंधाराला? आय डोन्ट गेट इट, व्हेन डिड यू गेट हिअर, लेट्स गेट गोइंग, ही गॉट कॉट... डिक्शनरी उघडली तर गेटच्या खाली पानंच्या पानं, शेवटाला येईपर्यंत पहिला अर्थ विसरलेलो असतो.

परवा तर फजितीच झाली. माझा लॅपटॉप बिघडलेला, तो दुरुस्त करून आणला, एका सहकाऱ्याने विचारलं काय झालं रे लॅपटॉपचं, मी आपलं ऐटीत म्हटलं आय रिपेअर्ड इट. दुसऱ्या दिवशी हा गडी स्वतःचा लॅपटॉप काखोटीला मारून माझ्यासमोर हजर, हाही बघ ना जरा म्हणून. मला कळेना याला झालंय काय. मग शेजारच्या टेबलावरचीने सांगितलं की तू स्वतः उघडून दुरुस्त केलास असा अर्थ झाला त्याचा, तुला गॉट इट रिपेअर्ड म्हणायचं होतं. म्हणजे इथेही गेटच!

तर प्रश्न असा की याच्या मुळाशी काही एक अर्थ आहे का, की सगळं पाठच करायचं? आणि गॉट, हॅव गॉट, गॉटन यातलं बरोबर कुठलं?

टाइमपास_तात्या

पाठबिठ काही करू नका हो. ऐकत राहायचं, आपोआप येतं. आम्हाला कुठे कुणी शिकवलं होतं.

घोडं_अडलं

तात्या, सात वर्षं ऐकतोय. आपोआप फक्त दुसऱ्याचा लॅपटॉप आला.

व्याकरणवाली

हाहा. तात्यांचं अगदीच चूक नाहीये पण ऐकताना काय ऐकायचं ते माहीत असेल तर लवकर बसतं. मी शिकवते तेव्हा एक युक्ती सांगते, गेटकडे एकट्याकडे बघूच नका, त्याला बी आणि हॅव यांच्या शेजारी उभं करून बघा. बी म्हणजे असणं आणि हॅव म्हणजे जवळ असणं, दोन्ही आपापल्या जागी निवांत बसलेले. गेट म्हणजे तिथवर जाऊन पोचणं. आधी तसं नव्हतं, आता तसं झालं, बास एवढंच गेट सांगतो.

आय हॅव अ कोल्ड, मला सर्दी आहे. आय गॉट अ कोल्ड, सर्दी झाली. इट इज डार्क, अंधार आहे, आणि तुमचं ते इट्स गेटिंग डार्क म्हणजे अंधार पडत चाललाय. शी इज अँग्री, रागावलेली आहे, शी गॉट अँग्री, रागावली. आय ॲम अप म्हणजे जागा आहे, आय गॉट अप म्हणजे उठलो. वी आर हिअर, वी गॉट हिअर. तुम्ही दिलेली जवळजवळ सगळी वाक्यं घ्या आणि गेट काढून बी किंवा हॅव घालून बघा, जे वाक्य तयार होईल ती गेटनंतरची स्थिती असते. आय डोन्ट गेट इट मध्येसुद्धा तेच आहे, गोष्ट डोक्यात नव्हती ती अजून आलेली नाही. मराठीत नाही का आपण म्हणत, आलं लक्षात.

आपल्याला हे चार-पाच वेगळे अर्थ वाटतात कारण मराठीत त्यांना शब्द वेगवेगळे आहेत, मिळणे, होणे, पोचणे, उठणे, कळणे. इंग्रजी माणसाच्या डोक्यात ते एकच असतं. आणखी एक भानगड आहे. मराठीत मला राग आला, मला ताप आला, मला पत्र मिळालं, मला कळलं, यात मी नुसता बसलेला असतो आणि राग, ताप, पत्र माझ्याकडे चालत येतात. इंग्रजीत हे सगळं उलटं होतं, वाक्याच्या तोंडाशी आय येऊन बसतो आणि मग आय गॉट. म्हणून मराठीतून शब्दाला शब्द लावत गेलं की गेट सुचतच नाही.

आता लॅपटॉप. गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. गॉट द लॅपटॉप रिपेअर्ड म्हणजे लॅपटॉपला दुरुस्त या अवस्थेला नेऊन पोचवलं, कुणाच्या हातून ते सांगायची गरज नाही. मराठीत दुरुस्त करून घेतला असं आहे की आपल्याकडे, पण आपण ते घेणं बिनधास्त गाळतो. मी केस कापले म्हणतो आणि कुणी विचारत नाही की स्वतःचे स्वतः कापलेस का. इंग्रजीत आय कट माय हेअर म्हणून बघा, शंभर टक्के विचारतील, आणि कात्री कुठे धरली होतीस तेही विचारतील.

आणि माणसाकडून करून घ्यायचं असेल तर मध्ये टू लागतो. आय गॉट हिम टू साइन. मेक वापरलात तर टू नाही, आय मेड हिम साइन. मराठीत दोन्हीला सही करायला लावली असंच म्हणू आपण, पण गेटमध्ये समजावून, गोड बोलून, गळ घालून असा वास आहे आणि मेकमध्ये जबरदस्तीचा. बॉसबद्दल बोलताना हा फरक सांभाळा.

घोडं_अडलं

अरे वा, हे बी आणि हॅववालं कुणीच सांगितलं नव्हतं! मग ही गॉट कॉट आणि ही वॉज कॉट यात काय फरक? दोन्हीत पकडला गेला असंच ना?

व्याकरणवाली

बरोबर, अर्थ तोच. पण वॉजमध्ये कधीकधी घोळ होतो. द विंडो वॉज ब्रोकन म्हणजे खिडकी फुटलेली होती की फुटली, दोन्ही निघतं. द विंडो गॉट ब्रोकन म्हटलं की फुटलीच, तेव्हाच, दुसरा अर्थ नाही. शिवाय गॉटमध्ये अंगावर येऊन पडल्याची छटा असते, गॉट फायर्ड, गॉट हर्ट, गॉट रॉब्ड. चांगलंही चालतं म्हणा, गॉट प्रमोटेड, गॉट पेड. मात्र जिथे काही घडतच नाही तिथे हे लावू नका. ही इज नोन टू एव्हरीवन ठीक आहे, ही गॉट नोन टू एव्हरीवन कुणी म्हणत नाही.

गंमत बघा, आपण पकडला गेला, मारला गेला, चोरीला गेला म्हणतो, म्हणजे मराठी त्याच कामाला जाणे वापरते आणि इंग्रजी मिळणे. अजून एक सांगून टाकते, नकार आणि प्रश्न करताना इथे डू, डिड लागतो. डिड यू गेट पेड? आय डिडन्ट गेट फायर्ड. वॉज जसा स्वतःच नॉट घेऊन वॉझन्ट होतो तसा गॉट होत नाही.

दुभाषी

मी भाषांतराची कामं करते, गेट हा माझा जुना शत्रू. पण तक्रार करायच्या आधी आपलं लागणे बघा हो जरा. भूक लागली, झोप लागली, ठेच लागली, आग लागली, फोन लागला, निकाल लागला, नोकरी लागली, वेळ लागला, नाद लागला, बोलणं मनाला लागलं, तो रडू लागला, मला जावं लागलं, ती माझी मावशी लागते. आता हे एखाद्या परक्या माणसाला समजावून दाखवा, त्याच्या पहिल्या डिक्शनरीत लागणे म्हणजे स्पर्श होणे एवढंच लिहिलेलं असेल तर तो बिचारा मावशीपर्यंत कसा पोचणार. आपण कधी पाठ केलं होतं का हे? भाषेत जी क्रियापदं सगळ्यात जास्त वापरात असतात तीच अशी झिजून झिजून गुळगुळीत होतात आणि कुठेही बसतात.

व्याकरणवाली यांची युक्ती मला पटली, फक्त एक जागा तिच्यात नीट बसत नाही आणि ती बोलताना फार येते म्हणून सांगते. आय गेट टू गो. हे म्हणजे मला जायला मिळतं, संधी आहे, मजा आहे. आय हॅव टू गो म्हणजे मला जावं लागतं. आणि आय हॅव गॉट टू गो, ज्याचं बोलण्यात आय गॉटा गो होतं, ते परत जावं लागतंच. म्हणजे गेट टू आणि गॉट टू दिसायला सख्खे भाऊ आणि अर्थ एकदम उलटे, एकात मिळणे आणि दुसऱ्यात लागणे! आणि बोलताना हॅव गिळला की आय गॉट टू सी हिम याचे दोन अर्थ होतात, भेटलंच पाहिजे किंवा भेटायला मिळालं. ओळखायचं मागच्यापुढच्या बोलण्यावरून, दुसरा उपाय नाही.

आणि मग ती शेपट्या लावलेली गेट. तिथे मी इंग्रजी शब्दाकडे बघणंच सोडून दिलंय, सरळ मराठीत कसं म्हणू ते आठवते. गेट बाय म्हणजे भागणं, कसंबसं निभणं. गेट अलाँग म्हणजे पटणं. गेट ओव्हर म्हणजे सावरणं, पण आय कान्ट गेट ओव्हर इट हे कधीकधी नुसतं आश्चर्यानेही म्हणतात. गेट अक्रॉस म्हणजे समोरच्याच्या गळी उतरवणं. गेट अवे विथ इट सगळ्यात त्रासदायक, कारण त्यात चूकही आली आणि शिक्षा न होणंही आलं, मला त्याला पचणं हाच शब्द बरा वाटतो, त्याला ते पचलं, त्याने ते पचवलं. आणि माझं लाडकं, गेट अराउंड टू, यावर मी एकदा अर्धा दिवस घालवला होता आणि मग सुचलं मुहूर्त लागणं. आय फायनली गॉट अराउंड टू रीडिंग इट, शेवटी एकदाचा वाचायला मुहूर्त लागला. बघा, परत लागणे आलंच.

टाइमपास_तात्या

मी कुठेतरी ऐकलं होतं की इंग्रजीतला सगळ्यात जास्त अर्थांचा शब्द सेट आहे, गेट नाही.

जुनेपान

तात्या, ऐकलंत ते खरं पण जुनं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची १९८९ ची आवृत्ती आली त्यात सेटचा पसारा सगळ्यात मोठा होता. पुढे नव्या आवृत्तीचं काम करताना रनने त्याला मागे टाकलं, रनचे नुसते क्रियापदाचे अर्थच ६४५ भरले. गेटला मात्र वापराच्या बाबतीत तोड नाही, विशेषतः बोलण्यात.

मला शब्दांच्या कुळकथांची खोड आहे म्हणून थोडं मागे जातो, ज्यांना नको त्यांनी खाली सरकावं. गेट हा मुळात इंग्लंडचा शब्दच नाही. उत्तरेकडून समुद्रातून आलेल्या व्हायकिंग लोकांचा आहे, त्यांच्या भाषेत गेटा. इ.स. ८६५ मध्ये त्यांची मोठी फौज इंग्लंडात उतरली आणि मग ते लोक पूर्व आणि उत्तर भागात घरं करून राहिले, शेजारी झाले, सोयरे झाले. टेक, एग, विंडो, स्काय, आणि दे, देम सुद्धा त्यांच्याकडूनच आलेत. जुन्या इंग्रजीत याच कुळातला शब्द होता पण तो सुटा फारसा वापरात नव्हता, काहीतरी पुढे जोडूनच यायचा, आणि त्यातला ग इंग्रजांच्या तोंडी य सारखा होता. त्यातलेच दोन आजही आहेत, बिगेट (जन्माला घालणे) आणि फर्गेट. फर्गेट म्हणजे मुळात पकड सुटणं, मनाच्या हातून निसटणं. विसरणं यापेक्षा चांगलं कुणी सांगू शकेल असं मला वाटत नाही. गेस सुद्धा याच घराण्यातला.

आणि आणखी मागे गेलं तर लॅटिनमध्ये पकडणे या अर्थाचं प्रेहेंडेरे म्हणून जे क्रियापद होतं त्याचं आणि गेटचं मूळ एकच. त्या लॅटिन शब्दापासून पुढे ॲप्रिहेंड म्हणजे पकडणे आणि कॉम्प्रिहेंड म्हणजे समजणे निघाले. म्हणजे आय डोन्ट गेट इट म्हणणारा आणि आय डोन्ट कॉम्प्रिहेंड म्हणणारा एकाच खापरपणजोबांची पोरं, एक खेळून मातीत मळलेलं आणि दुसरं टाय लावलेलं.

आता गॉटन. ते चुकीचं आहे असं पुष्कळ शिक्षक सांगतात, साफ चूक. उलट ते जुनं रूप आहे, १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्येसुद्धा गॉटन आहे. नंतर ब्रिटनमध्ये ते हळूहळू मागे पडलं आणि अमेरिकेत गेलेल्यांनी सोबत नेलेलं तिथे टिकलं. ब्रिटनमध्येही फर्गॉटन अजून शाबूत आहेच, आणि इल-गॉटन म्हणजे वाममार्गाने मिळवलेलं, तेही.

पण अमेरिकन माणूस दोन्ही वापरतो आणि अर्थ वेगळे ठेवतो. आय हॅव गॉट अ कार, माझ्याकडे गाडी आहे. आय हॅव गॉटन अ कार, गाडी घेतली. ब्रिटिश दोन्हीला गॉटच म्हणणार. आणि दुभाषी यांनी सांगितलेला तो गेट टू चा घोळ आहे ना, तो इथे सुटतो बघा. आय हॅव गॉट टू गो म्हणजे जायलाच हवं, आय हॅव गॉटन टू गो म्हणजे जायला मिळालंय. एका न ने काम केलं.

घोडं_अडलं

बापरे, हे मी उद्या पुन्हा वाचणार. म्हणजे मी कुठलं वापरू, गॉट की गॉटन?

जुनेपान

तुमच्या आसपास जे बोलतात ते. एकाच मेलमध्ये दोन्ही मिसळू नका म्हणजे झालं.

व्याकरणवाली

मेलवरून आठवलं. लिहिताना गेट टाळा असं सांगतात, ते अर्ध खरं आहे. रिपोर्टमध्ये, अर्जात वुई गॉट युअर लेटर ऐवजी रिसीव्ह्ड बरं दिसतं, गॉट परमिशन ऐवजी ऑब्टेन्ड. हे टायवाले शब्द बहुतेक फ्रेंच-लॅटिनकडचे. पण काही लोक मग इतके घाबरतात की जिथे तिथे बिकम आणि ऑब्टेन कोंबतात. गेट वेल सून च्या जागी बिकम वेल सून लिहिलेलं मी वाचलंय, आजारी माणूस हसून बरा झाला असेल. गेट मॅरीड, गेट लॉस्ट, गेट रेडी, यांना हात लावायचा नाही.

आणि मराठीतून येणाऱ्या दोन-तीन चुका सांगते ज्या आपण सगळे करतो, मीही करायचे. मला उशीर होतोय याचं आपण आय ॲम गेटिंग लेट करतो. बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटतं, तो आय ॲम रनिंग लेट म्हणेल. इट्स गेटिंग लेट आहे, पण त्याचा अर्थ आता फार वेळ झाला, निघूया. दुसरं, बोअर होतंय म्हणून आय ॲम गेटिंग बोअर, तिथे बोअर्ड हवं, नाहीतर मी दिवसेंदिवस कंटाळवाणा होत चाललोय असं काहीतरी ऐकू येतं.

तिसरं म्हणजे उतरणे. आपण सगळ्यातून गेट डाउन होतो. बस, ट्रेन, विमान यांतून गेट ऑफ आणि कारमधून गेट आउट. साधी खूण अशी की ज्या वाहनात उभं राहून चालता येतं तिथे चढताना गेट ऑन, उतरताना गेट ऑफ, आणि जिथे वाकून बसावं लागतं तिथे गेट इन, गेट आउट. सायकल, घोडा यांच्यावर स्वार होतो म्हणून तिथेही ऑन, ऑफ. गेट डाउन शिडीवरून, झाडावरून.

टाइमपास_तात्या

म्हणजे इतकी वर्षं मी बसमधून झाडासारखा उतरतोय.

घोडं_अडलं

तात्या 😄

बरं प्रयत्न करतो, तपासा. आय गॉट माय हेअर कट यस्टरडे. माय मॅनेजर गॉट मी टू वर्क ऑन संडे. आय फायनली गॉट अराउंड टू आस्किंग धिस क्वेश्चन. आणि तो सहकारी पुन्हा लॅपटॉप घेऊन आला तर त्याला सांगणार, गेट इट रिपेअर्ड.

दुभाषी

पहिली तिन्ही मस्त. पहिल्यात आय गॉट अ हेअरकट पण चालेल, अर्थ तोच. मॅनेजरचं खरंच गोड बोलून झालं असेल तर गॉट ठेवा, नाहीतर मेड करा आणि टू काढा.

चौथं व्याकरणाने बरोबर आहे पण तोंडावर असं म्हणालात तर हुकूम सोडल्यासारखं वाटेल, जा नीट करून आण जा. यू कुड गेट इट रिपेअर्ड व्हेअर आय गॉट माइन रिपेअर्ड, असं म्हणा, म्हणजे तुम्ही स्वतः केला नव्हता हेही जाता जाता कळेल.

घोडं_अडलं

उशीर झाला. काल संध्याकाळी तो चार्जर पण ठेवून गेलाय.